पिंपळनेरच्या घरचं रोजचं जेवण

खानदेशात मी होतो तेवढे सगळे दिवस माझ्या मांडीवर नाहीतर पायाशी बर्फाची पेटी होती. त्यामुळे जाईन तिथे पहिला प्रश्न ठरलेला, "मासे आणले का?" मी वेंगुर्ल्याकडचा, ते तोंड उघडलं की कळतं. वेंगुर्ल्याचा माणूस आणि बर्फाची पेटी म्हटल्यावर पुढचं कुणीही जुळवणारच. मी गप्प राहायचो. गाडी चालवणारे शकीलभाई मात्र बिनदिक्कत सांगायचे, "पापलेट आहेत. पण विकायचे नाहीत."

पेटीत पापलेट नव्हते. माणसांच्या शौचाचे नमुने होते, चिठ्ठी चिकटवलेल्या डब्यांत.

नाक मुरडू नका. पुण्याच्या ओपीडीत माझ्याबरोबर बाकावर बसणारी मंडळी मला सारखी विचारतात, तिकडे जाऊन तू केलंस काय? सांगायला घेतलं की कुणाचा तरी नंबर पुकारतात आणि गोष्ट अर्धी राहते. म्हणून आता लिहूनच काढतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं माझ्याबद्दल. मी सातवीत शाळा सोडली आणि चिऱ्याच्या खाणीवर गेलो. लहानपणीची कावीळ रक्तात मुक्काम करून राहिली होती, तिने आतल्या आत लिव्हर सुकवलं. दारूला मी कधी शिवलो नाही, पण हे लोकांना पटवत बसायचं आता सोडून दिलंय. एका सकाळी मी माझ्या मुलीलाच विचारलं, "तू कोणाची गो?" ती रडायला लागली. मला वाटलं, शेजाऱ्यांची पोर का रडते.

पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी मला तेव्हा समजावलं ते असं. आपल्या आतड्यात अगणित जंतू राहतात. आपण खातो त्यावर ते जगतात आणि त्यातून काही विषारी पदार्थही तयार होतात. धड लिव्हर ते गाळून टाकतं. आमच्यासारख्यांचं लिव्हर गाळू शकत नाही, मग ते विष मेंदूपर्यंत जातं आणि माणूस बरळतो, नाहीतर झोपून राहतो. आता गंमत अशी की प्रत्येकाच्या पोटातली वस्ती वेगळी. म्हणून एकाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला पडेलच असं नाही. आधी कोणाच्या पोटात कोण राहतं ते बघायचं, मग औषध किती, डाळ-दूध किती, हे त्या एका माणसापुरतं ठरवायचं, असं मॅडमचं संशोधन आहे. माझं औषध त्यांनी तसं बदललं. गुण त्याचाच आला की आणखी कशाचा, हे त्या स्वतःही अजून ठाम सांगत नाहीत. मला एवढंच कळतं की आता मी मुलीला ओळखतो.

पुढे त्यांनीच मला नमुने गोळा करायच्या कामावर घेतलं. बायको-मुलगी गावी, मी पुण्यात एका खोलीत. सातवीपर्यंत शिकलेल्यावर मॅडमनी एवढा विश्वास टाकला, तो आपल्या हातून वाया जाऊ नये, ही धाकधूक मला झोपेतही सोडत नाही.

जळगाव, मेहरूण

पहिला नमुना मेहरूणच्या एका निवृत्त मास्तरांचा होता. नियम साधा आहे. तीन दिवस नेहमीचंच जेवायचं, जे खाल्लं ते तक्त्यात लिहायचं आणि मग डबा द्यायचा. मास्तरांनी तक्त्याला वेगळी वही जोडली होती. घासांची संख्या, पाण्याचे पेले, आणि एका ठिकाणी लाल शाईने, "जेवणोत्तर ढेकर, दोन."

"हे लागतं का?" त्यांनी विचारलं.

"असू दे की, सर."

"असू दे नाही. लागतं की नाही ते सांग. नसेल तर उद्यापासून मोजणार नाही."

डब्याचं झाकण घट्ट लावून घेतलं तोवर स्वयंपाकघरातून भरिताचा वास आला. थंडीचे दिवस होते. हिरवी-पांढरी, नारळाएवढी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, त्यात मिरची-लसूण कुटून केलेलं भरीत आणि बरोबर कळण्याची पुरी, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची. आमच्याकडे वांगं हे मासे न मिळालेल्या दिवशी खायचं. इथे वांग्यासाठी माणसं जमवतात, शेतात पंगती बसतात. मी तीन पुऱ्या खाल्ल्या आणि मग दुपारच्या औषधाची आठवण झाली.

मला दिवसातून तीनदा एक गोड, चिकट औषध घ्यावं लागतं. त्याचं काम एकच, पोट दोन-तीन वेळा साफ करणं, म्हणजे विष डोक्यात चढत नाही. आमच्या गावी संडास परसात, माडांच्या मागे. कोण कधी गेलं याची कुणाला खबर नसते. मास्तरांच्या घरी दार बैठकीतच उघडत होतं आणि बैठकीत त्यांच्या दोन सुना, एक जावई आणि शेजारचे कुणीतरी माझ्या पेटीकडे बघत बसले होते. दुपारचं औषध मी घेतलंच नाही.

त्या रात्री मुक्काम नशिराबादला, शकीलभाईंच्या घरी. घर माणसांनी भरलेलं, माया अशी की पाहुण्याला उठून पाणीही घेऊ देत नाहीत. सकाळी अंगणात बायका मेथी निवडत बसल्या होत्या आणि संडासाची वाट त्यांच्या मधून. आणखी एक औषध चुकलं. बायकोचा फोन आला, "औषध घेतलास मां?" मी म्हटलं, घेतलं.

पिंपळनेर

जळगाव सोडल्यावर केळीच्या बागा मागे पडतात आणि जमीन मोकळी होत जाते. एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री. काळी जमीन, वेचून झालेली कपाशी, मग कांद्याची रोपं. आमच्याकडे पुढच्या वळणापलीकडचं दिसत नाही. इथे पुढचं गाव तासभर आधी दिसतं आणि येतच नाही. मी सारखा पेटीचं झाकण चाचपत होतो.

"उघडून बघता का?" शकीलभाई म्हणाले. "पळून जाणार नाहीत, भाऊ. पाय नाहीत त्यांना."

पिंपळनेरला दगाभाऊंचं घर. वय चाळिशीच्या आसपास, मळा स्वतःचा, आजार माझाच, अजून सुरुवातीच्या पायरीवर. महिन्याभरापूर्वी साक्रीच्या शिबिरात ते भेटले होते तेव्हा मोठ्याने हसणारा माणूस. दारात त्यांची आई उभी होती. सगळे तिला माय म्हणत, मीही म्हणू लागलो.

"या भाऊ, बठा. उभा काब्र शेतस?" म्हणजे उभे का आहात. "कोठला शेतस तुम्ही?"

"कोकणातला."

माय खूश झाली. तिकडच्या डोंगरात कोकणी आदिवासींचे पाडे आहेत. मी त्यांच्यातलाच समजून ती मला पाड्यांची नावं विचारू लागली. मी समुद्राबद्दल सांगितलं तेव्हा ती सुनेला म्हणाली, "पुनामा राहीसन बठ्ठं भुली गया बिचारा." पुण्यात राहून सगळं विसरला बिचारा. मग मीही नाद सोडला.

जेवायला खापरावरची पुरणपोळी होती. उलट्या मडक्यावर भाजतात, हातावर फिरवत फिरवत पंच्याएवढी मोठी करतात. सकाळपासून माय आणि सून त्यात गुंतल्या असणार. मी काय न्यायला आलोय आणि पुढ्यात काय वाढलंय, या विचाराने घास उतरेना. दगाभाऊ जेवायला बसले नाहीत. खाटेवर बसून होते, जांभया देत. मी काही विचारलं की आधी हसायचे, मग थोड्या वेळाने उत्तर.

तक्ता सुनेने सुरेख अक्षरात भरला होता. सकाळी दूध, एक सफरचंद. दुपारी पोळी, वरण, तूप. रात्री पुन्हा दूध. डबा तयार होता, पुसून, वर स्वच्छ फडकं बांधून. मी दगाभाऊंपुढे सहीचा कागद धरला. "दगा" एवढं ओळीवर आलं. आडनाव ओळ सोडून खाली घसरलं आणि शेवटची अक्षरं एकमेकांच्या अंगावर बसली. शिबिरातली सही माझ्या फायलीत होती, सरळ, ठसठशीत.

"पेन खराब शे," ते म्हणाले.

मी माझं पेन दिलं. तसंच.

मला हे अक्षर ओळखीचं वाटलं. मी मुलीला ओळखलं नव्हतं त्या आठवड्यात माझं अक्षर असंच उतरणीला लागलं होतं. पण लगेच मनात आलं, औषधं तुझी चुकलीत, त्यांची नव्हे. तुलाच वाकडं दिसत असेल तर? तू डॉक्टर नाहीस. पुरणपोळी खाऊन घरच्या माणसाला वेडा ठरवणार? मी डबा पेटीत ठेवला, मायच्या पाया पडलो आणि गाडीत बसलो. हे लिहिताना अजून लाज वाटते.

साक्रीच्या अलीकडे

गाडीत मी तो सहीचा कागद चार वेळा काढला आणि चार वेळा घडी घालून ठेवला. पाचव्यांदा शकीलभाईंनी कांद्याच्या एका वावराजवळ गाडी बाजूला घेतली.

"काय झालंय? बोला एकदाचं."

मी त्यांना सगळं सांगितलं, चुकलेल्या औषधांसकट. मग म्हटलं, "माझी परीक्षा घ्या. मी हात पुढे करतो, पंजे वर उचललेले, गाडी अडवतात तसे. पंजे आपोआप खाली पडतात का बघा. विष डोक्यात चढलं की ते पडतात."

रस्त्याच्या कडेला मी हात पुढे करून उभा. एक ट्रॅक्टरवाला खरंच थांबला. शकीलभाईंनी त्याला पुढे जायला सांगितलं आणि वाकून माझे पंजे न्याहाळले.

"हात कडक आहेत. तोंड तेवढं थरथरतंय."

"शंभरातून सात वजा करत जायला सांगतात."

"करा."

"त्र्याण्णव." पुढचं येईना.

"शहाऐंशी," शकीलभाई म्हणाले. "शाळेत असताना यायचं का?"

"नाही."

"मग त्याचं काय एवढं? आज वार कोणता? माझं गाव कोणतं? माझ्या घरी काल काय खाल्लं?" मी तिन्ही बरोबर सांगितली. त्यांनी सहीचा कागद स्वतःच्या हातात घेतला, लांब धरून बघितला. "ही वाकडी मलापण दिसतेय, गुरुनाथभाऊ. मी तर कुठलंच औषध चुकवलं नाही."

त्यांनी गाडी वळवली.

चार वाजून गेले होते. दगाभाऊ झोपले होते. हलवून उठवलं तर डोळे उघडले, पण बघणं माझ्यापर्यंत पोचेना. "आज कोणता वार, दगाभाऊ?" ते म्हणाले, "मळामा." मी त्यांचे हात पुढे धरायला लावले. पंजे खाली पडत, परत उचलले जात, पुन्हा पडत, कोंबडी पंख झटकते तसे.

"थंडी वाजी ऱ्हायनी त्याले," माय म्हणाली.

"माय, तीन दिवस यांनी खरंच काय खाल्लं?"

तिने तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अभिमानाने सांगितलं, "दोन दिन काहीच दिधं नही. फक्त पेज. आनि दोन्ही दिन एरंडेल पाजं. बठ्ठं पोट धोई काढं."

"का पण?"

"काब्र म्हंजे? आम्हना घरनं पुनाले जाई. मोठमोठा डॉक्टर दखतीन. मंग ते असंतसं धाडानं का?"

आमच्या घरातून पुण्याला जाणार, मोठे डॉक्टर बघणार, तर ते असंतसं कसं पाठवायचं! पाहुणे येणार म्हणून घर सारवावं, तसं तिने मुलाचं पोट सारवून घेतलं होतं. कागदावर "पोटाची औषधं घेऊ नयेत" असं छापलेलं होतं, मी फोनवर वाचूनही दाखवलं होतं. पण एरंडेल घरचं. त्याला औषध कोण म्हणतो? आमच्या गावीही कुणी म्हणालं नसतं. आणि तक्त्यातलं दूध-सफरचंद तर कुणी खाल्लंच नव्हतं. सूनबाई चुलीकडे तोंड करून उभी होती.

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी विचारलं, किती वेळा जुलाब झाले, लघवी झाली का, हाकेला ओ देतात का. मग म्हणाल्या, "अंगातलं पाणी आणि क्षार गेलेत. उपासही घडलाय. आजारी लिव्हरला हे झेपत नाही. सरळ धुळ्याला घेऊन जा, मी तिथे फोन करते. पूर्ण जागे असतील तरच घोट घोट मीठ-साखरेचं पाणी. झोपेत तोंडात काही घालू नका."

"आणि नमुना?"

"तो टाकून द्या, गुरुनाथ. त्यावरून मी औषध ठरवलं असतं तर ते दुसऱ्याच कुणाचं झालं असतं." मग विचारलं, "तुमचं औषध चालू आहे ना?"

"हो," मी म्हणालो. तेवढ्या घाईतही खोटं मात्र बरोबर जमलं.

पेटी पुढे, मी पुढे. मागे दगाभाऊ आडवे, डोकं मायच्या मांडीवर. साक्री मागे पडेपर्यंत ती खड्ड्यांत हलू नये म्हणून ते डोकं दोन्ही हातांनी धरून होती. मग एकदम विचारलं, "हाई मीच करं ना?"

शकीलभाई आरशात बघून म्हणाले, "माय, तुम्ही चांगलंच व्हावं म्हणून केलं."

"तू मन्हाकडे नको दखू. रस्ता दख!" माय ओरडली. त्या ओरडण्याने मला जरा धीर आला.

धुळे

दिवस मावळायच्या आत आम्ही दवाखान्यात पोचलो. सलाईन लागलं, रक्त तपासायला गेलं. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "आजच आणलंत ते बरं केलं. उद्यावर ठेवलं असतं तर..." आणि दुसऱ्या खाटेकडे वळले. ते अर्धं वाक्य मला रात्रभर पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगाभाऊंनी आईला वहिनी म्हणून हाक मारली. माय बाहेर आली आणि जिन्यावर बसून राहिली. तिला काय वाटत असेल ते सांगू शकणारा तिथे मी एकटाच होतो आणि मी ते सांगितलं. माझी मुलगी कशी रडली ते, आणि आता ती मला शाळेतल्या कविता फोनवर ऐकवते तेही. माय ऐकत होती की नाही कोण जाणे. तिने फक्त विचारलं, "कितली मोठी शे?" "पाचवीत." "शिकाड तिले," ती म्हणाली.

मग मी उठलो आणि आवाराच्या कोपऱ्यात जाऊन मॅडमना फोन केला. चुकलेली औषधं सांगितली. आदल्या रात्रीचं आणि त्या सकाळचं धरून चार. मला वाटलं, गेलं काम.

"बाटली जवळ आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"घ्या आता. मी फोनवर आहे."

मी बुचात ओतून प्यायलो. अर्धं शर्टावर सांडलं, दिवसभर माश्या बसल्या. "झालं," म्हटल्यावरच त्यांनी फोन ठेवला. दवाखान्याच्या संडासापुढे रांग होती आणि रांगेत प्रत्येक जण प्रत्येकाकडे बघत होता. मी उभा राहिलो. कुणाला काही पडलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शकीलभाईंनी हातगाडीवरून शेवभाजी आणली, लालभडक तर्री आणि वर शेव. दगाभाऊंनी वासाने मान वळवली.

"मन्हासाठे?"

"तुमच्यासाठी नाही," मी म्हटलं.

"मंग आठे काब्र खाई ऱ्हायनात? बाहेर जा ना!" मग आईकडे वळून, "माय, कांदाले पानी कोनी भरं?"

माय पदराआड वळली. सकाळीच एसटीने आलेली सून तिला धरायला गेली तर तिने हात झटकला आणि मुलाला म्हणाली, "तुन्हा बापनी भरं!" बाप वारून दहा वर्षं झाली होती. दगाभाऊ हसले. पहिल्यासारखं मोठ्याने नाही, पण लगेच हसले, मध्ये वेळ न घालवता.

मॅडमनी नवं ठरवून दिलं. घरी जाऊन रोजचं जेवण सुरू होऊ दे, काही आठवडे जाऊ देत, मग पुन्हा नमुना. तोवर इथल्या डॉक्टरांनी दिलेलं औषध. दगाभाऊंचं नाव त्यांनी संशोधनातून कमी केलं नाही. मी कोरा तक्ता सुनेच्या हातात दिला आणि म्हटलं, "वहिनी, या वेळी जे पोटात जाईल तेच लिहायचं. चांगलं नको, रोजचं." तिने मान हलवली आणि सासूकडे बघितलं. सासू भिंतीकडे बघत होती. मला कळलं, आता पुन्हा सफरचंद येणार.

त्यांना निरोप देऊन मी पेटी उचलली. व्हरांड्याच्या टोकाशी माय माझ्या मागे आली. आजूबाजूला बघून तिने मला खांबाआड ओढलं.

"कागद काढ."

मी दुसरा तक्ता काढला.

"लिख. सकायले च्या. दूधना नही, कोरा. दूध बठ्ठं डेअरीमा जास." ती थांबली. मी लिहिलं. "दुपारले भाकर आनि मिरचीना ठेचा. तेल वर. डाय आठवडामा एक सांज." डाळ आठवड्यातून एकदा. "रातले उरेल भाकर पानीमा भिजाडीसन. फळ नही. आजारी पडना तवयपासून भूक नही म्हनीसन उठी जास, मी बी बळे वाढत नही."

तिचा आवाज इतका खाली आला होता की मला वाकावं लागलं. आतून दगाभाऊ कुणाला तरी हाका मारत होते.

"लिखं का बठ्ठं?"

"लिहिलं, माय."

"आठे वाची दखाडू नको." म्हणजे इथे वाचून दाखवू नको. तिने कागदाकडे बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ओळ न् ओळ बघितली. "आते तुम्हनी डॉक्टरीनबाईले मन्हा आंडोर वळखू ई ना?"

आता तुमच्या डॉक्टरीणबाईंना माझा मुलगा ओळखू येईल ना, एवढंच तिचं विचारणं. मी म्हटलं, येईल. कागदाची घडी घालून मी ती पेटीत नाही, शर्टाच्या खिशात ठेवली आणि ती आत जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो.